शंभरवालं पेट्रोल

आमची गाडी साधं पेट्रोल पिते. टाकीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तसं छापलेलंच आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण एवढं साधं वाक्य बोलायला आमच्या घरात कुणाचं तोंड उघडत नव्हतं.

मी पौर्णिमा. माहेर बार्शीटाकळीजवळचं खेडं, सासर अमरावती. शाळेत शिकवते म्हणून चारचौघांत जपून बोलते, पण राग आला की माझी वऱ्हाडी आपोआप बाहेर पडते. माझा नवरा श्याम एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. त्याच्या तोंडावर मी त्याचं नाव घेत नाही, अहो-जाहो करते. इथे मात्र श्यामच म्हणणार आणि अरे-तुरेच करणार. तेवढा हक्क मी या उन्हाळ्यात कमावला आहे.

श्याम माणूस वाईट नाही. घरात भांडी घासतो, माझ्या माहेरचं कुणी आलं तर स्टँडवर घ्यायला जातो. पण एक आहे. माझ्या लहान बहिणीचं, आकांक्षाचं लग्न शिवमशी झालं आणि तेव्हापासून श्यामच्या अंगात काहीतरी शिरलं. शिवम पुण्याला मोठ्या कंपनीत. त्याची गाडी म्हणजे काळीभोर, उंच, आमच्या आंगणात शिरली की बैलाला बाहेर काढायची पाळी. आमची गाडी सेकंडहँड, लहान, मागच्या दाराला कुणीतरी घासून गेल्याची रेघ. शिवमच्या शेजारी ती लावताना श्याम नेहमी थोडी लांब लावतो, निंबाच्या पलीकडे. सावली म्हणून, असं सांगतो.

आणि माझ्या बाबांचंही एक आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं लग्न झालं ते घरच्या आंगणात, मांडव टाकून. आकांक्षाचं झालं अकोल्याच्या लॉनवर, लाइटिंग, बँड, सगळं. मधल्या काळात बाबांचे दिवस बदलले, शेतात विहिरीला पाणी लागलं, एवढीच गोष्ट. श्यामनं कधी एका शब्दानं काढलं नाही. पण बाबांच्या मनात ते रुतून बसलं. आई सांगते, ते झोपेतसुद्धा म्हणत, "मोठ्या जवायाचं मागं राह्यलं." मोठ्या जावयाचं मागे राहिलेलं एकदा तरी भरून काढायचं, हे त्यांनी धरून ठेवलं होतं.

मागच्या दिवाळीला दोन्ही जावई गावात होते. शिवमनं गाडीचं बोनेट उघडलं होतं आणि अर्धं गाव आत वाकून पाहत होतं. आत काय दिसत होतं देव जाणे, सगळं प्लास्टिकनं झाकलेलं होतं. तेवढ्यात आमच्या मोतीरामकाकांना, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, चेव आला. त्यांची सवयच आहे, दोन माणसं शांत बसलेली त्यांना बघवत नाहीत.

"काहो मोठे जवाईबापू," ते म्हणाले, "तुमची गाडी घाटात दम टाकत असन, नाई?"

सगळे हसले. शिवम नाही हसला, तो बिचारा बोनेटच बंद करायला लागला. मी ओसरीवर शंकरपाळे काढत होते. मी पाहिलं, श्यामचे कान लाल झाले.

"दम कशाला टाकन?" तो म्हणाला. "माझ्या गाडीत मी शंभरवालं पेट्रोल टाकतो. हंड्रेड ऑक्टेन. साधं तर मी टाकतच नाही. साधं टाकलं की इंजिन ठोकते."

शंकरपाळ्याचा झारा माझ्या हातात तसाच राहिला. बापा, बापा! शंभरवालं?

"शंभरवालं म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"विमानासारखं असते मामाजी," श्याम म्हणाला. विमानासारखं! "सगळ्या पंपांवर मिळत नाही. गाडी पहा, कशी लोण्यावानी चालते."

बाबांचा चेहरा असा फुलला की मी आयुष्यात विसरणार नाही. ते मोतीरामकाकांकडे वळून म्हणाले, "आयकलं? आमचे मोठे जवाई गाडीले लेकरावानी जपतात. गाडी लहान असली तरी तिले खाऊ घालाची दानत पायजे."

त्यानंतर दोन दिवस गावात हेच. चक्कीवर, पारावर, किराणा दुकानात. उत्तमरावाच्या, म्हणजे आमच्या बाबांच्या, मोठ्या जावयाची गाडी विमानाचं पेट्रोल पिते. मी बाहेर पडले की बायका विचारायच्या आणि मी, खरं सांगते, हसून मान हलवायची. मला राग आला होता, पण बरंही वाटत होतं. माझ्या नवऱ्याचं कुणीतरी कौतुक करत होतं. ते मी हातानं कशाला मोडू?

परत येताना मूर्तिजापूर गेल्यावर मी तोंड उघडलं.

"कवा टाकलं हो तुमी शंभरवालं?"

"टाकलं होतं एकदा."

"एकदा! आन् काय झालं मंग? विमान उडालं?"

 श्याम हळूच म्हणाला, "काही फरक पडला नाही."

आणि मग त्यानं मलाच समजावून सांगितलं, हे विशेष. त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही. इंजिनात दाब खूप असला तर पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि इंजिन ठोकल्यासारखा आवाज येतो. ते होऊ नये म्हणून शंभरवालं. शर्यतीच्या गाड्या, मोठ्या महागड्या गाड्या, ज्यांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं, त्यांना ते हवं. आपल्या गाडीच्या इंजिनात तेवढा दाबच नाही. नंबर नसताना डोळ्यावर चष्मा लावला तर जास्त दिसतं का? तसंच हे. ॲव्हरेज तेवढंच, पिकअप तेवढाच, फक्त खिसा हलका.

"इतलं समजते तुमाले," मी म्हटलं, "मंग माह्या बापापुढं काहून फेकलं?"

"अवं, बोलून गेलो. विसरतीन ते."

बाबा काही विसरले नाहीत.

या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. दर तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, जावयाचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून त्यांचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवायला घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. पूर्वी आमच्याकडे सोबत उपरणं आणि टोपी देत. आता टोपी घालतो कोण? म्हणून आमच्या गावात नवीनच रीत पडली आहे. जावयाच्या गाडीची टाकी भरून द्यायची. गाडी निघताना सासरा पंपापर्यंत सोबत जातो आणि "फुल कर" म्हणतो. सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं म्हणतो.

बाबांचा फोन मलाच आला. "पौर्णे, श्यामरावाले सांगजो, पेट्रोल येन्यापुरतंच टाका. जान्याचं माह्याकडं लागलं. आन् काळजी करू नका म्हना, त्याइच्या गाडीले जे लागते तेच भेटन."

मी फोन ठेवला आणि श्यामसमोर जाऊन उभी राहिले. "आत्ताच्या आत्ता बाबाले फोन करा. सांगा, साधं चालते."

"करतो ना. जेवून करतो."

जेवून झालं. दुसरा दिवस झाला. मी रोज विचारायची, तो रोज करतो म्हणायचा. शेवटी मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, बार्शीटाकळीच्या पंपावर शंभरवालं मिळतं कुठे? बाबा जातील, नसेल, साधं टाकतील, विषय संपेल. मीही फोन करू शकत होते. माझ्या बापाला मला फोन करायला काय झालं होतं? पण मग त्या पारावरच्या, चक्कीवरच्या सगळ्या बायका डोळ्यांसमोर आल्या आणि माझाही हात फोनकडे गेला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आकांक्षा आणि शिवम आदल्या दिवशीच आले होते. घरात पुरणाचा वास, आई चुलीपुढे घामाघूम. बाबा कुठेच नव्हते.

"अकोल्याले गेले," आई म्हणाली. "सकाळी एक फेरी करून आले, आता दुसऱ्यांदा गेले. काय आनून राह्यले, सांगत नाईत. आपली फटफटी घेऊन गेले या उनात."

मला तेव्हाच काहीतरी टोचलं. पण पाहुण्यांच्या गर्दीत टोचलेलं राहून जातं. पाट मांडायचे होते, रांगोळी काढायची होती.

फटफटीचा आवाज आला तेव्हा आम्ही पानं वाढायच्या तयारीत होतो. बाबा आंगणात आले नाहीत, मागच्या बाजूनं थेट गोठ्याकडे गेले. बराच वेळ तिकडून खोकल्याचा आवाज येत राहिला. खोकल्यामागे खोकला, जणू घशात काही अडकलं आहे. मी जायला निघाले तर आई म्हणाली, "ऊन लागलं असन. गुळपानी दे." मी गुळपाणी घेऊन गेले तर ते हात धुऊन बाहेर येतच होते. डोळे लाल, ओठ सुजल्यासारखे.

"काय झालं बाबा?"

"काई नाई. धूळ गेली घशात. चाल, जवाई खोयंबले." आमच्याकडे खोळंबले म्हणजे मोठी बेअब्रू.

श्याम आणि शिवम पाटावर बसले. शेजारी मी आणि आकांक्षा. बाबांनी आधी श्यामचे पाय परातीत घेतले. मोठा जावई आधी. ते पाणी घालायला वाकले आणि मला वास आला. अत्तराचा नाही, घामाचा नाही. पेट्रोलचा. कपड्याला नव्हता तो, तोंडाला होता. ते श्वास सोडत होते आणि पेट्रोलचा वास येत होता. ते पाय धूत होते, मधेच तोंड बाजूला वळवून दुपट्ट्यात खोकत होते, पुन्हा पाय धूत होते. श्यामनं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही वास आला होता.

"मामाजी, राहू द्या ना," तो म्हणाला.

"राहू देऊ? तीन वर्सानं येते हा दिवस." आणि त्यांनी पाय पुसले, कपाळाला कुंकू लावलं, पायावर डोकं टेकवलं. माझ्या बापानं माझ्या नवऱ्याच्या पायावर डोकं टेकवलं, तोंडाला पेट्रोलचा वास घेऊन. मला तिथेच जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

ते जेवले नाहीत. एक धोंडा पानात घेतला आणि तुपात नुसता बोटानं फिरवत राहिले. आमचं जेवण झाल्याबरोबर उठले आणि सगळ्यांना आंगणात बोलावलं. मोतीरामकाकांना खास हाक मारून बोलावलं. मग गोठ्यातून एक पांढरी डबकी, म्हणजे प्लास्टिकचा कॅन, उचलून आणली, मागून दुसरी. दोन्ही काठोकाठ भरलेल्या.

"काय आहे हे मामाजी?" श्यामनं विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"शंभरवालं!" बाबा म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, तरी मोठ्यानं म्हणाले. "आपल्या इकडल्या पंपावर नाई भेटत. अकोल्यात एका पंपावर भेटते, म्या शोधून काढलं. पन ते डबकीत देत नाईत म्हनतात. मनाई आहे. मंग म्या काय केलं, फटफटीची टाकी आधी खाली केली, पंपापर्यंत पोचन तेवढंच ठुलं. तिथी जाऊन टाकी शंभरवाल्यानं फुल केली. घरी आनून काढलं. त्यात साधं मिसळू देलं नाई, हे ध्यानात ठेवा."

"काढलं कसं?" मी विचारलं.

"पयली बार तोटीतून काढलं. थेंब थेंब येते ते, सकाय गेली त्यात. आता तुमची जेवाची येळ झाल्ती, म्हून नळी घालून तोंडानं ओढलं. थोडंसं घशात गेलं. त्याचं काई नाई."

 बाबांनी नरसाळं लावलं आणि आमच्या गाडीत ते पेट्रोल ओतायला लागले. झाकण उघडं, आतला कागद समोर, त्यावर काय छापलंय ते सगळं तिथेच. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही. शिवमला दिसलं. त्यानं ते वाचलं, मग श्यामकडे पाहिलं, मग पटकन दुसरीकडे.

"लहाने जवाईबापू," बाबा त्याला म्हणाले, "तुमच्यासाठी बी आनलं असतं, पन फटफटीच्या टाकीत तेवढंच बसते. तुमाले आपल्या पंपावर फुल करून देतो."

"मला साधंच लागतं बाबा," शिवम म्हणाला. "माझ्याही गाडीत मी साधंच टाकतो. काही बिघडत नाही."

"पाहा, केवढी नम्रता," बाबा म्हणाले.

तेव्हा बोलायचं होतं श्यामनं. तेव्हाच. दोन शब्द. मी त्याच्याकडे असं पाहिलं की दगडालाही समजलं असतं. तो उभा होता, हात मागे बांधून, अनवाणी. मोतीरामकाका म्हणाले, "वा! आता उडते पाहा तुमचं विमान," आणि श्याम हसला. हसला! त्या हसण्याची मला इतकी चीड आली, आणि चीड येत असतानाच कळत होतं की मीही तोंड शिवूनच उभी आहे.

दुसरी डबकी अर्धी झाली आणि बाबा खाली बसले. आधी वाटलं दमले. मग खोकल्याची अशी उबळ आली की श्वासच पुरेना. ओठ काळेनिळे पडले. आई धावत आली. शिवमनं गाडीची किल्ली काढली, "माझ्या गाडीत घ्या, मागची सीट मोठी आहे," म्हणाला. तर बाबा हातानंच नको म्हणत होते.

"मोठ्या... मोठ्याच्या गाडीत बसतो," ते श्वासाश्वासात म्हणाले. "आता... पळन ते."

काय करणार? आमच्याच गाडीत घातलं. मागे मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, पुढे आई. श्यामनं गाडी अशी हाणली की मी त्याला कधी तशी चालवताना पाहिलं नव्हतं. बाबांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं शुद्ध नाही. तर ते म्हणाले, "आवाज... आयकला काय पौर्णे? कसा नरम झाला."

"हो बाबा," मी म्हटलं. गाडीचा आवाज रोजच्यासारखाच येत होता.

अकोल्यात जो दवाखाना आधी दिसला त्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, तापट होते. तोंडाचा वास घेऊनच त्यांना कळलं. "नळीनं ओढलं ना? किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना! थेंबभर जरी फुप्फुसात गेलं तरी आतून सूज येते. कशासाठी ओढलं?"

आई म्हणाली, "जवायाच्या गाडीसाठी."

"जावयाला पंपावर जाता येत नव्हतं?"

श्याम तिथेच उभा होता. "मीच जावई," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न बोलता आत गेले. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. श्यामच्या कपाळावर अजून बाबांनी लावलेलं कुंकू होतं. त्यानं ते पुसलंही नाही.

दोन दिवस बाबांना ऑक्सिजन होता. ताप चढायचा, उतरायचा. मी बाहेरच्या बाकावर श्यामच्या शेजारी बसायची, पण बोलत नव्हते. एकदा बोलले.

"लाज वाटते काय तुमाले?"

"वाटते," तो म्हणाला.

"मलेही वाटते," मी म्हटलं. आणि मग मला रडू फुटलं, कारण मला माझ्या बापाच्या तोंडाचा वास आठवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा उशीला टेकून बसले. नाकाला नळी होती, आवाज बसलेला होता, पण चेहऱ्यावर रंग आला होता. आई चहा आणायला खाली गेली होती. शिवम आणि आकांक्षा घरी गेले होते, गुराढोरांचं बघायला. खोलीत आम्ही तिघंच.

बाबांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच. "श्यामराव, गाडी कशी चालून राह्यली? फरक पडला ना?"

श्याम माझ्याकडे पाहायला लागला. बाबांचा फोन आला तेव्हापासून मी त्याच्यामागे लागले होते, खरं सांगा, खरं सांगा. आणि आता बाबांचे ते डोळे पाहून माझ्याच तोंडातून निघालं, "लय फरक पडला बाबा. लोण्यावानी चालते."

बाबा हसले. किती दिवसांनी ते असे हसले असतील! श्यामच्या हातावर त्यांनी हात ठेवला, सुई लावलेला. "मंग येत्या दिवाळीले बी आनतो," ते म्हणाले. "आता मले जमलं. थोडं हळू ओढाचं, इतलंच. तोंडात येन्याच्या आधी नळी काढाची. तुमी फकत येन्यापुरतं टाकून येजा."

 मी काय करून बसले होते! बापाला बरं वाटावं म्हणून बोलले आणि त्याच्या हातात पुन्हा नळी दिली. मी काही बोलायच्या आत श्याम खाली वाकला, पलंगाच्या कडेला गुडघे टेकवून बसला.

"मामाजी, नका आणू," तो म्हणाला. "आमच्या गाडीले ते लागत नाही. कधीच लागत नव्हतं. मी साधंच टाकतो. फरक काही पडला नाही आणि पडणारही नव्हता. दिवाळीले मी खोटं बोललो. शिवमरावांच्या गाडीपुढे माझी गाडी लहान दिसत होती, म्हणून बोललो. तुमाले फोन करून सांगणार होतो, तेही नाही सांगितलं. परवा आंगणात पण नाही सांगितलं."

मला वाटलं बाबा रागावतील. मी मनात म्हणत होते, रागवा बाबा, दोन द्या त्याच्या मुस्काटात, मलाही द्या. ते रागावले नाहीत. ते छताकडे पाहत राहिले. नळीतून हवा येण्याचा आवाज येत होता. मग ते बोलले, तेही आमच्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखे.

"म्हंजे मोठ्या जवायाले म्या यंदा बी काहीच देलं नाई म्हना."

श्यामनं पलंगाच्या लोखंडी दांडीवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. मी लग्नापासून त्याला रडताना पाहिलं नव्हतं. बाबांनी दुपट्टा ओढून तोंडावर घेतला. लाज वाटायला हवी होती आम्हाला, आणि तोंड झाकत होता माझा बाप. मी उभी होते तिथून हलले नाही. कुणाला हात लावावा तेच कळेना.

मग दुपट्ट्याच्या आतूनच आवाज आला. "श्यामराव."

"जी मामाजी."

"हे शिवमरावाले सांगू नका. मोतीरामले तर बिलकूल नाई. चारचौघात तुमची मान खाली जाईन. ते मले नाई पायजे."

शिवमनं झाकणावरचा कागद वाचला होता, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

बाबांना घरी सोडलं, अंथरूण घातलं, औषधं आईला समजावून दिली. निघताना आईनं अनारशांचा डबा हातात दिला, वाणाचा, तो तसाच राहून गेला होता. बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मोतीरामकाका शेजारी होते. श्याम पाया पडला तेव्हा बाबा त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "सावकाश चालवजा. दमदार पेट्रोल आहे आत," आणि मान दुसरीकडे फिरवली.

अकोला गेलं, बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं.  रस्त्यात किती पंप आले, एकाही पंपाकडे आम्ही दोघांनी पाहिलं नाही. टाकीत घरी पोचण्यापुरतं होतंच, शंभरवालं. गाडी नेहमी चालते तशीच चालत होती.